जुन्या ॲल्युमिनियम बोटीचं बूच हरवलंय? आधी भोक मोजा, मग दुकान गाठा

साकोलीच्या पुढच्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावावरून फोटोसह प्रश्न आला आहे. मच्छीमार संस्थेने लिलावात 14 फुटी जुनी ॲल्युमिनियमची बोट घेतली. मागच्या फळीला खाली पाणी काढायचं भोक आहे, पण त्याचं बूच बोटीबरोबर आलंच नाही. सध्या चिंधी कोंबून जाळी टाकायला जातात. तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याने हात वर केले. मोबाइलवर शोधलं तर दहा प्रकारची बुचं दिसतात. यातलं कुठलं घ्यायचं?

भाऊ, सगळ्यात आधी चिंधी थांबवा. सुती कापड पाणी अडवत नाही, ते पाणी ओढतं, आणि सैल झालं की एकदम सुटतं. एक इंची भोक पाण्याखाली वीतभर असेल, तर त्यातून मिनिटाला सुमारे 35 लिटर पाणी आत येतं, म्हणजे दोन मोठ्या बादल्या. जाळं ओढताना सगळ्यांचं लक्ष पुढे असतं आणि पाणी मागे साचतं. मागचा भाग जड झाला की भोक आणखी खोल जातं आणि पाण्याचा जोर वाढतो. नवीन बूच मिळेपर्यंत सावरीच्या किंवा पांगाऱ्याच्या मऊ लाकडाची निमुळती खुंटी करून घ्या. ती फुगून घट्ट बसते. हातोडीने जोरात ठोकू नका, हाताने दाबून हलकेच एक-दोन टोले पुरेत. भोकाभोवतीची जुनी ओतीव चकती ठोकल्याने तडकली, तर काम दहापट वाढेल. आणि अशी खुंटी लावून काठाकाठानेच फिरा, खोल पाण्यात जाऊ नका.

आता मूळ प्रश्न. दुकानात जाऊन ‘बोटीचं बूच द्या’ म्हटलं तर कुणीच देणार नाही, कारण आपल्या भागात बोटीच्या सामानाचं दुकान जवळपास नाहीच. पण ज्या भोकात ते बसतं ते भोक नळाच्या, ट्रॅक्टरच्या किंवा हायड्रॉलिकच्या कुठल्या ना कुठल्या मापाचं असतं. त्यामुळे बोट कुठल्या कंपनीची, कुठल्या साली बनली, याच्या मागे लागू नका. भोकाचं माप आणि भोकाचा प्रकार एवढं कळलं की पुढचं काम सोपं आहे.

पहिलं काम म्हणजे भोकात करंगळी घालून आतली बाजू चाचपा. गुळगुळीत लागली तर एक रस्ता, आटे लागले तर दुसरा. आटे चिखलाने आणि पांढऱ्या भुकटीने भरलेले असतात, त्यामुळे आधी जुन्या दातांच्या ब्रशने आणि साध्या पाण्याने भोक नीट धुवा. तारेचा ब्रश वापरू नका. त्याचे लोखंडी कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच पुढे खड्डे पडायला लागतात.

गुळगुळीत भोक असेल तर तुमचं नशीब चांगलं. अशी भोकं बहुतेक वेळा एक इंची, म्हणजे 25.4 मिमी असतात. त्यांना रबराचं फुगणारं बूच लागतं. मधे दांडी, भोवती रबराची नळी, वर दाबायची खिटी किंवा पिळायची चावी. खिटी पाडली की रबर दोन्हीकडून दाबलं जातं, फुगतं आणि भोकाच्या भिंतीला चिकटून बसतं. मोबाइलवर मागवणार असाल तर एक इंची मापाचंच मागवा. सव्वा इंचीही मिळतं, पण ते जास्त करून मासे जिवंत ठेवायच्या टाकीला लागतं. खिटीवाल्यापेक्षा चावीवालं मला जास्त पसंत आहे. जुनं भोक झिजून थोडं मोठं किंवा वाकडं झालेलं असतं आणि चावीने पाहिजे तेवढं फुगवता येतं. हे बूच बोटीच्या आतून लावायचं. पाण्यात गेल्यावर ओल दिसली तर बसल्या जागी चावी फिरवता येते, कुणाला उतरावं लागत नाही.

मागवायला वेळ नसेल तर हेच बूच गावात बनतं. मोटारसायकलच्या किंवा ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात रबरी बुश मिळतात. भोकापेक्षा मिलिमीटरभर लहान बाहेरचा व्यास असलेला बुश निवडा. त्याच्या आतल्या भोकातून जाईल असा 8 किंवा 10 मिमीचा स्टेनलेस बोल्ट घ्या, दोन्ही बाजूंना वायसर लावा आणि वरून पंखाचा नट. वायसर भोकातून आत जाईल एवढा लहान पाहिजे, पण रबराला दाबेल एवढा मोठा. फक्त हाताच्या बाजूचा वायसर भोकापेक्षा मोठा ठेवा, म्हणजे बूच आरपार निसटणार नाही. बोटीला इंजिन असेल तर दुकानदाराकडे तेल सोसणारं नायट्राइल रबर मागा. साधं रबर पेट्रोल-तेलाने फुगतं आणि लिबलिबीत होतं. पंखाचा नट पकडीने आवळू नका, बोटांचा जोर पुरेसा आहे. भोक 20 सेंटीमीटर खोल पाण्यात असलं तरी बुचावर पाण्याचा रेटा जेमतेम 100 ग्रॅमचा असतो. बूच रेट्याने सुटत नाही. ते हादऱ्यांनी सैल होऊन सुटतं.

गुळगुळीत भोकाला आणखी एक देशी इलाज आहे, तो म्हणजे प्लास्टिकच्या पाण्याच्या टाकीला लावतात तो टँक निपल. रबरी गॅस्केट, मागून नट आणि तोंडाला आट्यांची टोपी. पाऊण इंची निपलाचे बाहेरचे आटे 26.4 मिमीचे असतात, म्हणजे एक इंची भोक अर्धगोल कानशीने मिलिमीटर-दीड मिलिमीटर वाढवलं की तो बसतो. प्लास्टिक असल्यामुळे ॲल्युमिनियमला त्रास नाही आणि टोपी हरवली तर कुठल्याही गावात दुसरी मिळते. याच्या तीन अडचणी आहेत. भोक तळाच्या फार जवळ असेल तर निपलाची कड सपाट टेकत नाही. आणि आतला नट थोडा उंच राहिल्यामुळे दोन बोटं पाणी आतच उरतं. शिवाय बोट दगडावरून ओढली तर बाहेर आलेला भाग मोडू शकतो. हे सगळं बघून मगच भोक कानसायला घ्या, कारण वाढवलेलं भोक परत लहान होत नाही.

आता आट्यांचं भोक. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

नळाच्या आट्यांच्या दोन पद्धती आहेत. आपल्याकडचं सगळं नळकाम बीएसपी आट्यांवर चालतं. अमेरिकी पद्धतीच्या बोटींना आणि त्यांच्या सुट्या भागांना मात्र एनपीटी आटे असतात. अर्धा इंची आणि पाऊण इंची या दोन मापांत दोन्ही पद्धतींना एका इंचात 14 आटेच येतात. व्यासही जवळजवळ सारखा आहे: अर्धा इंचीला बीएसपी 20.96 मिमी आणि एनपीटी 21.3 मिमी. फरक आट्याच्या धारेच्या कोनात आहे, बीएसपीचा 55 अंश आणि एनपीटीचा 60. डोळ्यांना तो दिसत नाही. म्हणून हार्डवेअरमधला जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, प्लग एनपीटी भोकात दोन-तीन फेरे सुखाने जातो, मग अडतो. माणसाला वाटतं चिखल असेल, आणि तो पान्हा लावतो. लोखंड कठीण, ॲल्युमिनियम मऊ. भोकाचे आटे तिथेच खाल्ले जातात.

ओळखायची पद्धत अशी. हार्डवेअरमधून अर्धा इंची आणि पाऊण इंची प्लास्टिकचे एंड प्लग आणा. लोखंडाचे नकोत, प्लास्टिकचेच, म्हणजे चुकलं तर प्लग खराब होईल, भोक नाही. जो मापात वाटेल तो टेप न लावता, फक्त बोटांनी फिरवा. चार-पाच फेरे न डगमगता, न कुरकुरता गेला आणि हळूहळू घट्ट होत बसला, तर भोक बीएसपी आहे असं धरून चाला. आपल्याकडे बनलेल्या बऱ्याच बोटी अशाच असतात. मग तोच प्लास्टिकचा प्लग टेफ्लॉन टेप लावून वापरायला हरकत नाही. एक-दोन फेऱ्यांतच अडकला आणि बाहेर काढल्यावर त्याच्या आट्यांवर ओरखडे दिसले, तर एनपीटी समजा. एनपीटी प्लग नागपूरला हायड्रॉलिक आणि कॉम्प्रेसरच्या फिटिंगच्या दुकानांत मिळतो, कारण त्या यंत्रांना हे आटे नेहमी लागतात. तिथे ‘अर्धा इंची एनपीटी प्लग’ एवढं म्हटलं तरी काम होतं. एक इंची भोकाला मात्र दोन्हींत आट्यांची संख्याच वेगळी आहे, बीएसपीला इंचात 11 आणि एनपीटीला साडेअकरा, त्यामुळे तिथे गोंधळ लवकर उघडा पडतो.

दोन्ही बसले नाहीत तर तिसरी शक्यता मिलिमीटरच्या आट्यांची. भोकात कागद दाबून त्यावर पेन्सिलचं शिसं हलक्या हाताने घासा, आट्यांचा ठसा उमटतो. पट्टीवर एक इंचाचं अंतर घेऊन रेषा मोजा. भोकाची खोली तेवढी नसेल तर अर्ध्या इंचात मोजून दुप्पट करा. 14 आल्या तर नळाचे आटे, 17 च्या जवळ आल्या तर दीड मिलिमीटर अंतराचे मेट्रिक आटे. अशा वेळी ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जा. तेलाच्या चेंबरचे नट 18, 20, 22 मिमी अशा मापांत, याच दीड मिलिमीटरच्या आट्यांचे असतात. त्याच्याबरोबर तांब्याचा वायसर येतो, तो काढून फायबरचा किंवा नायलॉनचा लावा.

तांब्याचा वायसर का काढायचा, ते समजून घेणं गरजेचं आहे, कारण बोटीचं आयुष्य त्यावर आहे. तांबं आणि पितळ ॲल्युमिनियमला चिकटून ओलं राहिलं की दोन धातूंमधे बारीक वीज वाहते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. बुचाला काही होत नाही, भोक खाल्लं जातं. भोकाभोवती पांढरी भुकटी दिसते ती याचीच. समुद्रात हे झपाट्याने होतं, आपल्या गोड्या पाण्यात हळू होतं. पण तलावाचा चिखल आट्यांत अडकून महिनोन् महिने ओला राहिला तर आपल्याकडेही भोकाची चाळण होते. भंडारा पितळेच्या कामासाठी प्रसिद्ध आहे, तिथला कारीगर तुम्हाला मापाचं सुंदर पितळी बूच कातून देईल आणि ते वर्षानुवर्षे टिकेल. भोकाची चकतीही पितळेची असेल तर जरूर करून घ्या. भोक थेट ॲल्युमिनियममधे असेल तर पितळ टाळा. स्टेनलेसही तसंच आहे, शिवाय त्याचे आटे ॲल्युमिनियममधे जाम होतात. जीआय त्या मानाने बरं, कारण जस्त आणि ॲल्युमिनियम जवळचे धातू आहेत, पण जस्ताचा थर उडाला की खालचं लोखंड उघडं पडतं. माझी निवड नायलॉनची. लेथवाल्याला नायलॉनची गोल कांडी आणि भोकाचं माप दिलं की तो तासाभरात बूच कातून देतो. वर षट्कोनी डोकं आणि दोरीसाठी आरपार बारीक भोक तेवढं आठवणीने करून घ्या.

सांध्यात काय लावायचं यावरही लक्ष द्या. टेफ्लॉन टेप तीन-चार वेढे, प्लग तोंडाकडून पाहिला तर घड्याळाच्या दिशेने. नाही तर बूच फिरवताना टेप उलगडते. नळवाले ताग आणि सफेदा लावतात, तो इथे नको. शिशाचा सफेदा असेल तर तो ॲल्युमिनियमलाही वाईट आणि ज्या पाण्यातले मासे आपण खातो त्या पाण्यालाही. चुना आणि सिमेंट अजिबात नको, ओला चुना ॲल्युमिनियम खातो. काळं ग्रॅफाइट ग्रीसही नको, साधं लिथियम ग्रीस किंवा व्हॅसलिन चालेल. एम-सीलने भोक कायमचं बुजवायचा सल्ला बरेच जण देतात. पुढच्या वेळी पाणी काढायला ते ड्रिलने फोडावं लागेल, तेव्हा आट्यांचं काय होईल याचा विचार करा. बूच हाताने घट्ट करा आणि मग पान्ह्याने पाव फेरा, फार तर अर्धा. त्यापेक्षा जास्त जोर लावला तर ओतीव चकती चिरते.

भोकात जुन्या बुचाचा तुकडा अडकलेला असेल तर आधी जाम झालेल्या आट्यांत झिरपणारं भेदक तेल टाकून रात्रभर ठेवा, मग चकतीवर उकळतं पाणी ओता. ॲल्युमिनियम पितळेपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि लोखंडापेक्षा जवळजवळ दुप्पट, त्यामुळे गरम झाल्यावर भोक किंचित सैल होतं. गॅसची ज्योत लावू नका. जुन्या बोटींच्या फळीत आणि तळाखाली फोम भरलेला असतो, तो पेटतो.

आटे पार गेलेच असतील तर लेथवाला म्हणेल, पत्र्यातच नवीन आटे पाडून देतो. त्याला नाही म्हणा. लहान बोटीचा पत्रा दोन-तीन मिमी जाडीचा असतो आणि अर्धा इंची नळाचा एक आटाच 1.8 मिमीचा. दीड आट्यावर बूच धरत नाही. तीन मार्ग आहेत. चकती जाड असेल तर पुढच्या मापाचे आटे पाडून घ्या. जाड नसेल तर जुने आटे घासून भोक गुळगुळीत करा आणि वर सांगितलेलं रबरी बूच लावा. हा सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात आवडणारा मार्ग. तिसरा म्हणजे चकतीच बदलणं. चकती बदलताना साधे पोकळ पॉप रिव्हेट वापरू नका, त्यांच्या मधल्या भोकातून पाणी झिरपतं. बंद तोंडाचे किंवा भरीव ॲल्युमिनियमचे रिव्हेट लावा. चकतीखाली गाडीची काच चिकटवतात ते पॉलियुरेथेन लावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन धातू खातं, ते घेऊ नका.

बूच बसलं की लगेच तलावात ढकलू नका. बोट पाळीवर घ्या, मागचा भाग थोडा खाली ठेवा आणि मागे वीतभर पाणी भरा. त्यापेक्षा जास्त नको, बोट पाण्याच्या वजनाने वाकते. भोकाखाली आणि रिव्हेटच्या ओळीखाली कोरडं वर्तमानपत्र पसरा आणि तासभर थांबा. कागद कुठे भिजतो ते स्पष्ट दिसतं. जुन्या बोटीत बऱ्याचदा बूच कोरडं निघतं आणि दोन-चार सैल रिव्हेट ठिबकत असतात. खडूने खूण करा, आतून भारी हातोडा टेकवून बाहेरून रिव्हेट पुन्हा ठोकून घ्या.

बुचाला नायलॉनची दोरी बांधा, दुसरं टोक मागच्या कड्याला. एक जादा बूच बोटीतच डब्यात ठेवा. पावसाळ्यात बोट काठावर असली की बूच काढून ठेवा आणि मागचा भाग उताराला. आपल्या पूर्व विदर्भात वर्षाला साधारण 1200 ते 1500 मिमी पाऊस पडतो. एका रात्रीत 100 मिमी कोसळला तर 14 फुटी उघड्या बोटीत अर्धा टन पाणी साचतं आणि तेवढ्या वजनाने तळाचे रिव्हेट सैल होतात. बूच काढलंय हे सकाळी बोट नेणाऱ्याला कळावं म्हणून ते वल्ह्याच्या मुठीला बांधायची सवय लावा. वल्हं हातात घेतलं की बूच हातात येतंच.

संस्थेतल्या जुन्या जाणत्या ढिवर बांधवांचं म्हणणंही ऐकून घ्या. त्यांच्या डोंग्याला बूच नसतंच, पाणी डब्याने उपसतात, म्हणून ते म्हणतील भोक वेल्डिंगने बंदच करा. बोट कायम त्याच तलावावर राहणार असेल आणि चार माणसं मिळून ती काठावर उलटी करू शकत असतील, तर हे म्हणणं बरोबर आहे. मात्र ॲल्युमिनियमला आर्गॉनचं वेल्डिंग लागतं, गावातल्या गेट-ग्रिलवाल्याकडे ते होत नाही, आणि आधी फळीतला फोम काढावा लागतो. बोट ट्रॅक्टरवर घालून दुसऱ्या तलावावर न्यायची असेल किंवा पुरात मदतीला काढायची असेल, तर भोक राहू द्या.

तुमच्या फोटोत भोकाभोवती चार रिव्हेटची ओतीव चकती दिसते, तिचा रंग फळीसारखाच आहे. म्हणजे चकती ॲल्युमिनियमची असावी आणि आत आटे असण्याची शक्यता जास्त. साकोलीच्याच दुकानातून दोन्ही मापांचे प्लास्टिकचे प्लग आणून उद्या बोटांनी फिरवून पाहा. बसला तर तोच लावून कागदाची चाचणी घ्या आणि सवडीने नायलॉनचं बूच कातून आणा. नाही बसला तर भोकाचा आतला व्यास, एका इंचातले आटे आणि चकतीची जाडी, हे तीन आकडे कळवा.